पनीरचं श्रेय एकट्या लिंबाला नको

घरी पनीर करायचं म्हटलं की सगळी चर्चा लिंबाभोवती फिरते. किती पिळायचं, व्हिनेगर चालेल का, आंबट दही घातलं तर? चालतं हो, सगळं चालतं. उन्हाळ्यात मार्केट यार्डात लिंबं कडाडली की पुण्यातली निम्मी घरं व्हिनेगरवर येतात आणि पनीर तेवढंच छान होतं. ज्याला पर्याय नाही ती आच.

दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असतं. त्याचे अतिसूक्ष्म गोळे दुधात तरंगत असतात. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. लिंबातल्या आम्लाने तो भार नाहीसा झाला, की ते साकळतात. उरलेली २० टक्के प्रथिनं पाण्यात विरघळलेली असतात. कोमट दुधात आम्ल घातलं तर ही २० टक्के निवळीबरोबर, म्हणजे फाटलेल्या दुधाच्या पाण्याबरोबर, वाहून जातात. दूध उकळीला आणलं, की मात्र त्यांच्या रेणूंची घडी मोडते आणि त्यातली बरीचशी केसीनला जाऊन चिकटतात. मग केसीन साकळताना तीही पनीरमध्ये येतात.

आचेचा आणखी एक फायदा. ताज्या दुधाचा सामू, म्हणजे पीएच, ६.६ च्या आसपास असतो; हा आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त. थंड दुधातलं केसीन पुरतं साकळायला तो ४.६ पर्यंत उतरावा लागतो. कडकडीत तापलेलं दूध साधारण ५.४ लाच फाटतं. म्हणून पनीर दह्यासारखं आंबट लागत नाही.

दूध म्हशीचंच घ्यावं, असं माझं मत. गणेश पेठेतल्या दूधभट्टीवरचं सुटं असो की पिशवीतलं, त्यात स्निग्धांश आणि केसीन गाईच्या दुधापेक्षा जास्त, त्यामुळे लिटरमागे साधारण २०० ग्रॅम पनीर पडतं. उकळी आली की गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा. लिटरभर दुधाला दोन मोठे चमचे लिंबाच्या रसात तेवढंच पाणी मिसळून चमच्याचमच्याने सोडा, हलक्या हाताने ढवळा. आधी डावाला बारीक कण चिकटलेले दिसतात, मग एकदम गोळे वेगळे होतात आणि मधून हिरवट-पिवळं पाणी डोकावतं. हा रंग बी-२ जीवनसत्त्वाचा. तो दिसला की हात आवरा. पुढे पिळत राहिलात तर पनीर कोरडं आणि आंबट होईल. पाणी पांढरटच असेल तर आणखी चमचाभर रस हवा.

पंचात बांधून गरम असतानाच वजन ठेवा. थंड झालेले कण नीट सांधत नाहीत.

पिझ्झ्यावरचं चीज वितळतं, पनीर का नाही? आम्लामुळे केसीनच्या गोळ्यांना बांधून ठेवणारं कॅल्शियम बरंचसं निवळीत निघून जातं. राहिलेली प्रथिनं एकमेकांना थेट बिलगलेली असतात. तापवल्यावर ती सैल पडत नाहीत, उलट आवळतात आणि पाणी बाहेर टाकतात. त्यामुळे भाजीत पनीर शेवटी घाला, नाहीतर रबर चावत बसाल. निवळीत दुधातली बहुतेक साखर उतरलेली असते. ती ओतून देऊ नका, कणीक तिच्यातच भिजवा.