सामाईक जंगलाचा अभ्यास: नाशिकच्या डोंगरांतून पाहिलेली पार्श्वभूमी

सामाईक जंगल आणि त्यावर जगणारी गावं हा विद्यापीठात आयुष्यभराच्या संशोधनाचा विषय ठरला तो फार उशिरा. त्याआधी सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांत तो शंभर वर्षं भांडणाचा विषय होता.

१८७८ च्या वन कायद्याने जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे वर्ग पाडले. ग्रामवन कागदावरच राहिलं, राखीव क्षेत्र वाढत गेलं. भात-नागलीच्या रोपासाठी राब भाजायला, म्हणजे रोपाच्या जागेवर पालापाचोळा जाळून ती तयार करायला, फांद्या लागतात. त्या तोडणं अनेक ठिकाणी गुन्हा ठरू लागलं. ठाणे-कुलाब्यातली (कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा) ओरड इतकी वाढली की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. या आयोगापुढची गाऱ्हाणी म्हणजे उपजीविकेच्या अभ्यासाचा आपल्याकडचा जुना, मोलाचा साठा. तो तरुण अभ्यासकांनी आधी वाचायला हवा.

ज्ञानशाखेचा प्रवास मात्र उलट्या टोकाकडून सुरू झाला. १९६८ मध्ये अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी मांडलं की सगळ्यांचं कुरण शेवटी उजाडच होतं. गावाला नियम असतात, हे त्यांनी धरलंच नव्हतं. १९८६ मध्ये भारतीय अर्थशास्त्रज्ञ एन. एस. जोधा यांनी सात राज्यांतल्या कोरडवाहू गावांचा अभ्यास छापला: गरीब कुटुंबांचा सामाईक जमिनीवरचा आधार श्रीमंतांपेक्षा कितीतरी मोठा, आणि ती जमीनच आकसत चाललेली. १९९० मध्ये अमेरिकेतल्या राज्यशास्त्रज्ञ एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची उदाहरणं घेऊन दाखवलं की माणसं स्वतः नियम करून कुरण, पाणी, जंगल पिढ्यान्‌पिढ्या टिकवतात. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्याच वर्षी गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरायचा आणि सांभाळायचा हक्क, मिळाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने हे शक्य झालं. नाशिकमध्ये बोलबाला राहिला तो वैयक्तिक वनपट्ट्यांचा, म्हणजे एकेका कुटुंबाला कसत्या वनजमिनीवर मिळणाऱ्या हक्काचा. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेल्या शेतकरी लाँग मार्चमध्येही कसत असलेल्या वनजमिनीचा सातबारा ही मुख्य मागणी होती. पट्टा महत्त्वाचाच, पण त्याच्या पलीकडचं मोहाचं, हिरड्याचं, गुरांच्या चाऱ्याचं जंगल कोण सांभाळणार, याकडे अभ्यासकांचं लक्ष कमी गेलं असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट नाशिकमध्येच नीट कळते. भात-नागली निघाली की सुरगाणा-पेठची कुटुंबं दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. द्राक्षाचा खुडा मार्चपर्यंत चालतो आणि मोहफुलं मार्च-एप्रिलमध्ये गळतात. मोह वेचायला घरी कोण उरतं, जंगलाची राखण ठरवणाऱ्या ग्रामसभेला बायका पोहोचतात का, मुकादमाची उचल किती, हे विचारल्याशिवाय तिथल्या जंगलाबद्दल काही ठाम सांगता येत नाही. त्यामुळे एका हंगामात प्रश्नावली भरून परतणाऱ्याच्या हाती अर्धंच चित्र लागतं. पावसाळ्यात सुरगाण्यात आणि खुड्याच्या वेळी निफाडच्या बागेत, दोन्हीकडे त्याच कुटुंबांना भेटावं लागतं.