चुंबकाची टोपी म्हणजे टीएमएस नव्हे

परवा नागपुरात बर्डीवर एक ताई भेटल्या, कडेवर चार वर्षांची पोरगी, जन्माच्या वेळी स्ट्रोक झाला म्हणून उजवी मूठ घट्ट मिटलेली, अन् डोक्यावर चुंबक शिवलेली टोपी. रक्तात लोह असते म्हणे, चुंबक ते मेंदूकडे ओढते. वर्षानुवर्षं लोक हेच सांगून राहिले, आता त्याला टीएमएसचं (ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजे बाहेरून चुंबकीय ठोके देऊन मेंदूवर परिणाम घडवायची पद्धत) नाव चिकटवून राहिले, म्हणून लिहितो.

रक्तातलं लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं, खिळ्यासारखं ओढलं जात नाही. एमआरआयचं चुंबक साधारण १.५ टेस्लाचं, म्हणजे लई ताकदवान असतं, त्यातही रक्त एका जागी गोळा होत नाही ना!

टीएमएस १९८५ मध्ये शेफील्डला अँथनी बार्कर यांनी दाखवलं. डोक्याला कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं लावतात, टक टक आवाज येतो, चुंबकीय क्षेत्र मिलिसेकंदाच्या आत चढतं-उतरतं, अन् त्या बदलामुळेच कवटीखाली मेंदूत बारीक करंट तयार होतो. टोपीतलं चुंबक तर तसंच्या तसं राहतं, मग करंट येणार कुठून?

स्ट्रोकनंतर मेंदूची चांगली बाजू दुखावलेल्या बाजूला दाबते असं मानतात, म्हणून चांगल्या बाजूवर टीएमएसचे सेकंदाला एक असे संथ ठोके देऊन तिला शांत करतात आणि सोबत हाताची थेरपी जोरात चालवतात. कॅनडात कॅलगरीला अ‍ॅडम किर्टन यांच्या टीमने मुलांवर हे तपासलं. हा अजून सरसकट उपचार नाही. फिट येत असेल, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) असेल तर डॉक्टरला आधी सांगाच.

त्या पोरीनं बिस्किटाचा पुडा डाव्या हातात धरून दातानं फोडला, उजवा हलवलाच नाही. ताईंना म्हटलं, टोपी काढून ठेवा, मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे हाताकडून रोजची कामं करवून घेतात तिथं, दाखवा.