जाड फास्टनर म्हणजे पक्का फास्टनर नव्हे

“गिट्टी नको, मोठा अँकर फास्टनर मारा, भिंत कुठलीही असो, पडणार नाही.” गीझर बसवताना हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. (गिट्टी म्हणजे भोकात बसवायची, स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी; अँकर फास्टनर म्हणजे भोकात फाकून बसणारा लोखंडी बोल्ट.) काँक्रीटच्या बीममध्ये तो बऱ्यापैकी खरा आहे. एएसी ब्लॉकच्या, म्हणजे आत हवेची बारीक छिद्रं असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या, भिंतीत मात्र धोक्याचा, कारण गीझर डोक्यावर असतो आणि आत गरम पाणी.

लोखंडी फास्टनर धरतो कसा? नट आवळला की आतला शंकू नळीला फाकवतो आणि नळी भोकाच्या कडांवर दाबून बसते. सगळी पकड त्या दाबाची. पण तो दाब भिंतीला सोसायला हवा. एम २० दर्जाच्या काँक्रीटची दाब सोसायची ताकद चौरस मिलिमीटरला २० न्यूटन. एएसी ब्लॉकची साधारण ३ ते ४. तिथे आवळत गेलात की ब्लॉकचा आतून भुगा होतो आणि पाना नुसता फिरत राहतो. फास्टनर आणखी जाड घेतला तर भुगाही जास्त.

भिंत ओळखायला ड्रिलमधून पडणारी पूड बघा. सुरुवातीची प्लास्टरची, ती सोडून द्या. पुढे लाल आली तर वीट. करडी आणि बिट अडखळतंय, तर काँक्रीट. बिट सहज आत गेलं, तर एएसी.

एएसीत ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) बंद ठेवून भोक पाडा आणि त्याच ब्लॉकसाठी बनवलेली लांब नायलॉन गिट्टी वापरा. गीझरसारख्या वजनाला आरपार बोल्ट आणि पलीकडून पट्टी, हे मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. भोकात रसायन भरून बोल्ट चिकटवायचा केमिकल अँकरही चालतो, पण भोकातली धूळ ब्रशने आणि फुंकून पूर्ण काढा. नाहीतर रसायन भिंतीऐवजी धुळीलाच चिकटतं.