सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट

मुंबईचे वादक चरणजित सिंग (१९४०–२०१५) यांची एचएमव्हीने १९८२ साली काढलेली वाद्यसंगीताची एलपी. दहा हिंदुस्थानी राग, प्रत्येकाला साधारण पाच मिनिटे आणि खाली अखंड चालणारा डिस्को ठेका, असे तिचे स्वरूप आहे. सगळे आवाज सिंथेसायझर आणि तालयंत्रांतून काढलेले आहेत. तबला, तंबोरा, सतार यांपैकी काहीच नाही. निघाली तेव्हा ती फारशी खपली नाही आणि लवकरच विस्मरणात गेली. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा शिकागोच्या ‘ॲसिड हाउस’ या नृत्यसंगीताशी तिचे विलक्षण साम्य श्रोत्यांच्या लक्षात आले. त्या प्रकाराची पहिली गाजलेली तबकडी मात्र या एलपीनंतर पाच वर्षांनी निघालेली आहे.

चरणजित सिंग हे हिंदी सिनेसंगीताच्या वाद्यवृंदातले वादक. शंकर-जयकिशन, कल्याणजी-आनंदजी, राहुल देव बर्मन अशा संगीतकारांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांनी गिटार, बेस गिटार, ट्रान्झिकॉर्ड (ॲकॉर्डियनसारखे विजेवर चालणारे वाद्य) आणि पुढे सिंथेसायझर वाजवला. गाण्यांच्या श्रेयनामावलीत अशा वादकांची नावे क्वचितच येत, पण गाण्याच्या सुरुवातीचा जो तुकडा लोक आयुष्यभर गुणगुणतात तो त्यांच्याच बोटांतून आलेला असतो. सिनेमातल्या लोकप्रिय चाली वाद्यांवर वाजवून केलेल्या तबकड्याही चरणजित सिंगांच्या नावावर आहेत. नव्या वाद्यांची त्यांना मनापासून ओढ होती. परदेशात गेले की नवे काय निघाले आहे ते पाहून ते घेऊन येत. १९८० च्या ‘कुर्बानी’तल्या ‘आप जैसा कोई’ने डिस्कोची लाट आणली होती आणि स्टुडिओत रोज तोच ठेका वाजत होता. चरणजित सिंगांनी नंतर सांगितले आहे की, हाच ठेका घेऊन काही वेगळे करावे, तबला बाजूला ठेवून त्यावर राग वाजवावेत, असे त्यांना वाटले. घरी जुळवून पाहिल्यावर ते कानाला बरे लागले, म्हणून ध्वनिमुद्रण केले.

एलपीचा सगळा डोलारा जपानच्या रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर उभा आहे. टीआर-८०८ हे तालयंत्र १९८० मध्ये आले. त्यातले ढोल आणि झांजेचे आवाज मुद्रित केलेले नसून विद्युतमंडलातून त्या क्षणी तयार होतात. त्यावर ताल भरायचा तो सोळा घरांत. सोळा म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाला तीनताल आठवतो, पण इथे चार ठोक्यांचे प्रत्येकी चार भाग आहेत. सम आणि खाली ही कल्पनाच या यंत्राला नाही. दुसरे टीबी-३०३, १९८१ च्या अखेरीस आलेले, एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेले. त्यातही घराघरांत स्वर भरावे लागतात, आणि स्वर व लय वेगवेगळी भरायची असल्यामुळे ते काम किचकट होते. हवे त्या स्वरावर जोर देता येतो आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येते. ही घसरण गिटारच्या नकलेसाठी ठेवलेली. रागाचे स्वर भरले की ती मींडेच्या, म्हणजे आपल्या संगीतातल्या सलग सरकत्या स्वराच्या, जवळ जाते. तिसरे ज्युपिटर-८, एका वेळी आठ स्वर वाजवू शकणारा मोठा सिंथेसायझर. पहिली दोन यंत्रे एकमेकांशी जोडून चालत ठेवायची आणि या तिसऱ्यावर हाताने राग मांडायचा, अशी विभागणी होती.

या एलपीचे मर्म माझ्या मते षड्जात, म्हणजे सा या आधारस्वरात, आहे. नेहमीच्या डिस्कोत बेस कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहाच्या, मागे चालतो; कॉर्ड बदलली की त्याला जागा बदलावी लागते. रागात कॉर्डची मालिकाच नसते. सा एकदा ठरला की बैठक संपेपर्यंत तो हलत नाही. त्यामुळे टीबी-३०३ ला इथे रागातल्या मोजक्या स्वरांत, सा भोवती, तेच वळण पुनःपुन्हा घ्यावे लागते. तंबोऱ्याचे काम ते करते, फक्त नाचत करते. पुढे शिकागोच्या तरुणांनी हेच यंत्र वापरले तेव्हा त्यांनीही कॉर्ड टाकून दिल्या आणि एकच बेस-आकृती दीर्घकाळ फिरवत ठेवली. यंत्र तेच, आधारस्वर एकच, पुनरावृत्ती तीच. साम्य आले ते यातून. फरकही तितकाच मोठा आहे. ॲसिड हाउसमध्ये सगळे नाट्य बेसच्या नादात असते. नाद बदलणाऱ्या फिल्टरची खुंटी पिळत त्याला किंचाळायला लावतात. चरणजित सिंगांकडे बेस साथीलाच राहतो आणि कान वरच्या सुरावटीकडे असतात, जसे ते गायकाकडे असावेत.

रागांचा क्रम असा : भैरव, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. भूपाली आणि ऋतूशी बांधलेला मेघ सोडला तर ही यादी बरीचशी प्रहरांनुसार चालते : पहाटेचा भैरव, चढत्या सकाळची तोडी, दुपार कलताना मधुवंती, दिवेलागणीनंतर यमन, मध्यरात्रीचा मालकंस, आणि बैरागीने पुन्हा सकाळ उजाडते. नाचाच्या तबकडीवर एवढी समयदृष्टी ठेवणारा माणूस राग केवळ स्वरांची पट्टी म्हणून वापरत नव्हता, एवढे त्यातून दिसते. भैरवात यंत्रातून उमटल्यासारखा मानवी आवाज ‘ॐ नमः शिवाय’ म्हणतो. ती या एलपीतली सर्वांत ओळखीची जागा आहे.

भूपाली, कलावती, मालकंस आणि बैरागी हे चार औडव (पाच स्वरांचे) राग मला सर्वांत भरीव वाटतात. पाचच स्वर असल्याने दोन स्वरांमधली अंतरे मोठी आहेत आणि द्रुत ठेक्यातही रागाचा चेहरा पुसला जात नाही. मालकंसात मध्यमावरचा ठेहराव आणि खाली बेसची धाव यांतला ताण तर विलक्षण आहे. तोडीत अडचण होते. तोडीचे रिषभ-गंधार मुळात अतिकोमल. पट्टीवाद्याच्या समान अंतरांच्या सुरांत ते सापडत नाहीत. हार्मोनियमवर नेमका हाच आक्षेप घेतला जाई आणि त्यापायी १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने ती पेटी दूर ठेवली होती. ज्युपिटर-८ वर स्वर खेचता येतो आणि चरणजित सिंग ती सोय भरपूर वापरतात, त्यामुळे पेटीला जी मींड जमत नाही ती इथे थोडीफार साधते. भैरवाचा आंदोलित, म्हणजे झुलता, रिषभ तेवढ्याने पुरता साधत नाही. पाच मिनिटांत रागाची बढत, म्हणजे टप्प्याटप्प्याने होणारा विस्तार, मावत नाही, हेही खरे. आलाप, विलंबित, द्रुत अशी अपेक्षा ठेवून ऐकणाऱ्याचा हिरमोड होईल. रागाचे चलन पटकन दाखवून मोकळ्या होणाऱ्या जुन्या तीन मिनिटांच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना ही मांडणी परकी वाटणार नाही.

एलपी पुन्हा उजेडात आली ती एडो बाउमन या डच संग्राहकामुळे. २००२ मध्ये दिल्लीत त्यांना तिची प्रत मिळाली. पुढे त्यांनी चरणजित सिंगांचा मुंबईत शोध घेतला आणि २०१० मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या तबकडी-कंपनीतर्फे ती पुन्हा काढली. ध्वनी इतका पुढच्या काळातला वाटत होता की, काहींना ही कोणा आधुनिक संगीतकाराने रचलेली बनावट तबकडी वाटली.

तेव्हापासून चरणजित सिंगांना ॲसिड हाउसचे जनक म्हणण्याची प्रथा पडली. ती टाळावी. ‘फ्यूचर’ या शिकागोतल्या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७ मध्ये निघाली. टीबी-३०३ चे उत्पादन १९८४ मध्येच थांबले होते आणि जुनी यंत्रे स्वस्तात मिळत, म्हणून ते या मुलांच्या हाती आले. मुंबईतली न खपलेली एलपी त्यांनी ऐकली असल्याचा काहीही पुरावा नाही. स्वतः चरणजित सिंगांनीही तसा दावा केला नाही. त्यांना ॲसिड हाउस हा शब्दही उशिराच कळला. एका वंशावळीच्या टोकाला त्यांना बसवले की, त्यांनी स्टुडिओत शिकलेले आणि रागसंगीतातून घेतलेले सगळे झाकले जाते.

पुनर्प्रकाशनानंतर त्यांना युरोपातून बोलावणी आली. सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग तिथल्या तरुण श्रोत्यांपुढे हेच राग प्रत्यक्ष वाजवू लागले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.