चित्र जमत नाही? बिघडलं कुठे!

आर्ट थेरपीचा, म्हणजे चित्रं, मातीकाम असलं काही करत मनावर उपचार करण्याचा, विषय निघाला की समोरचा आधी हेच बोलतो, "मला चित्रबित्र काही जमत नाही हां." गंमत अशी की इथे तुमचा हात किती वळतो याचा फारसा संबंधच नाहीये. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीत गिरिजा कैमल आणि टीमने 39 जणांना मार्कर, माती, कोलाजचं सामान दिलं आणि 45 मिनिटं काय हवं ते करा म्हणून बसवलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की वाढणारं हॉर्मोन, मोजलं. तर साधारण 75 टक्के लोकांचं खाली आलेलं, आणि कलेची सवय असलेले आणि नसलेले यात खास फरक नाही! हा अभ्यास 2016 चा. पण लगेच नाचू नका, तुलनेला दुसरा ग्रुप नव्हता, आणि कॉर्टिसॉल दिवसभरात असंही उतरत जातंच.

आता आर्ट थेरपीला माइंडफुलनेसची, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे लक्ष देण्याची, जोड देतात, ती कशाला? हार्वर्डच्या किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्टने 2010 मध्ये फोन अ‍ॅपवरून लोकांना दिवसभरात अधूनमधून विचारलं, आत्ता काय करताय आणि डोक्यात काय चाललंय. जवळपास 47 टक्के वेळा मन भलतीकडेच, आणि भरकटलेल्या मनाचे लोक तेवढे खूश पण नव्हते. माइंडफुलनेस म्हणजे भटकलेलं लक्ष परत आणायची प्रॅक्टिस, मन रिकामं करणं वगैरे काही नाही. जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये 1979 ला याचा कोर्स सुरू केला, पुढे तो 8 आठवड्यांचा म्हणून जगभर गेला.

अडचण अशी की डोळे मिटून श्वासाकडे बघा म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोक्यात उलट जास्तच गर्दी होते. श्वास कसा, हाताला लागत नाही ना. माती लागते. ती गार आहे, अंगठ्याखाली दबतेय, कडेला चिरतेय, लक्ष सुटलं की हातच सांगतो. मला तरी या जोडीतली सगळ्यात कामाची गोष्ट हीच वाटते.

मग नुसता कोरा कागद दिला तर? करी आणि कॅसर या दोघांनी 2005 मध्ये 84 कॉलेजच्या मुलांना आधी जरा घाबरवणारं काहीतरी लिहायला लावलं, मग काहींना रंगवायला मंडल, म्हणजे गोलातली नक्षी, दिलं, काहींना चौकड्यांचं डिझाईन, बाकीच्यांना कोरा कागद. मंडल आणि चौकडीवाल्यांची चिंता कमी झाली, कोऱ्या कागदावाल्यांची तशी नाही. म्हणजे मंडलात जादू नसावी, चौकडीनेही काम झालंच की, मुद्दा बहुतेक हातांना थोडी चौकट मिळण्याचा आहे.

पण कलरिंग बुक म्हणजे थेरपी नव्हे. थेरपीत समोर ट्रेनिंग घेतलेला माणूस असतो, आणि तो "काळा रंग वापरला म्हणजे डिप्रेशन" असलं काही सांगत नाही (ते सोशल मीडियावरच्या क्विझवाल्यांचं काम), तो विचारतो, हा कोपरा रिकामा का ठेवला? आणि जे तोंडाने सांगता येत नव्हतं ते कागदाकडे बोट दाखवून सांगता येतं. 'आर्ट थेरपी' हा शब्दसुद्धा असाच आला, ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल टीबीने सॅनेटोरियममध्ये पडून असताना चित्रं काढत राहिले, मग इतर पेशंटना पण लावलं, आणि 1942 मध्ये त्याला हे नाव दिलं.

दोन्ही एकत्र करून उपयोग होतो का? 2006 मध्ये कॅन्सर झालेल्या 111 स्त्रियांवर 8 आठवड्यांचा असा प्रोग्राम करून बघितला, वेटिंग लिस्टवर असलेल्यांपेक्षा त्यांचा मानसिक त्रास जास्त कमी झाला. याउलट ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराच्या 417 पेशंटवर ग्रुप आर्ट थेरपीची मोठी चाचणी झाली, 2012 ला रिझल्ट आला, नेहमीच्या उपचारांपेक्षा काही फायदा दिसला नाही, बरेच जण सेशनला फिरकलेच नव्हते. तेव्हा हे करायचं ते गोळ्यांच्या जोडीला, गोळ्या बंद करून नाही.

आणि एक, जुना मोठा धक्का मनात असेल तर शांत बसल्यावर तोच वर येऊ शकतो. तसं झालं तर डोळे उघडा, पाय जमिनीला टेकवा, कागद बाजूला सारा, आणि थेरपिस्टला ते सांगा, आपलंच काहीतरी चुकलं असं समजून गप्प बसू नका.