मार्कअप पन्नास टक्के, मार्जिन तेहतीस

घरगुती मसाले, फराळ किंवा कोकम आगळ विकणाऱ्या कुणालाही ‘मार्जिन किती ठेवता?’ असं विचारा. ‘पन्नास टक्के’ म्हणून जे सांगतात, तो बहुतेक वेळा मार्कअप असतो.

गोडा मसाल्याचं एक पाकीट साहित्य, दळण, लेबल आणि स्वतःची मजुरी (ही धरायचीच!) मिळून २०० रुपयांना पडतं, असं समजू. ते ३०० ला विकलं की १०० सुटतात. हे १०० पडलेल्या २०० वर मोजले तर मार्कअप ५० टक्के, विक्रीच्या ३०० वर मोजले तर मार्जिन ३३.३३ टक्के. शाळेत शेकडा नफा खरेदीवरच काढायला शिकवतात, त्यामुळे पहिलाच हिशेब डोक्यात बसलेला असतो. सोसायटीत, ओळखीत विकताना तेवढ्यावर भागतंही.

ऑनलाइन मात्र कमिशन आणि सूट दोन्ही विक्रीच्या किमतीवर मोजतात. कमिशन १५ टक्के धरू. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण १७.७ टक्के. मसाल्यावरचा जीएसटी तूर्त बाजूला ठेवू. ३०० च्या विक्रीत ५३.१० जातात, पडलेले २०० वजा केले की हातात ४६.९० उरतात. सणाला १० टक्के सूट दिली की किंमत २७० होते आणि उरतात २२.२१. सूट २० टक्के केली तर? किंमत २४०, कमिशन ४२.४८, आणि पाकिटामागे २.४८ रुपयांचा तोटा. कुरिअर आणि परत आलेलं पार्सल अजून मोजलेलंच नाही. अशा वेळी ऑर्डरी वाढल्या म्हणून खूश होणारे मी पाहिलेत.

कमिशनवरचा जीएसटी नोंदणीकृत व्यावसायिकाला इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे स्वतः भरायच्या जीएसटीतून वजा करून, सहसा परत धरता येतो. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) असलेल्याला किंवा नोंदणी नसलेल्याला नाही.

म्हणून किंमत उलटीकडून काढावी. २० टक्के सूट देऊनही विक्रीवर २० टक्के उरायला हवेत. विक्रीच्या १०० रुपयांतून कमिशनचे १७.७ आणि आपले २० वजा केले की ६२.३ राहतात. २०० भागिले ०.६२३ म्हणजे सुमारे ३२१, ही सूट दिल्यानंतरची किंमत. तिला ०.८ ने भागलं की ४०१. म्हणजे सूट देण्याआधीच्या किमतीत मार्कअप थेट १०० टक्के. हा आकडा सांगायला अनेकांना संकोच वाटतो, पण त्यात लूट काही नाही.

हे गणित लेबल छापण्याआधीच करायचं. पाकिटावर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त दराने विकता येत नाही, आणि एमआरपीत सगळे कर आलेले असतात. बाजूला ठेवलेला मसाल्यावरचा जीएसटी भरावा लागत असेल, तर तो ४०१ ठरवतानाच मिळवावा.