मॅडिसन हेमिंग्ज: एका अमेरिकन सुताराच्या घराण्याचा कागदोपत्री माग

मॅडिसन हेमिंग्ज (१८०५–१८७७) हा अमेरिकेतला एक सुतार. व्हर्जिनियातल्या मॉन्टिसेलोच्या मळ्यावर गुलाम म्हणून जन्मला, मालकाच्या मृत्युपत्रामुळं सुटला आणि पुढचं आयुष्य ओहायोत सुतारकाम आणि शेती करत जगला. आई सॅली हेमिंग्ज, आणि बाप त्या मळ्याचा मालक थॉमस जेफरसन, म्हणजे अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष. बापाचं हे नाव आज बहुतेक इतिहासकार धरून चालतात, पण तसं व्हायला फार वेळ लागला आणि त्या सगळ्या वादावादीत एक गोष्ट मागंच राहिली, ती म्हणजे या घराचा माग बापाच्या नावापेक्षा सुतारकामावरून जास्त लागतो. मामा सुतार, मॅडिसन सुतार, थोरला भाऊ बेव्हर्ली सुतार, धाकटा इस्टन पण सुतार. आडनाव बदललं, राज्य बदललं, सरकारी कागदात रंग सुद्धा बदलला पण धंदा तोच राहिला, म्हणून या नोंदीत धंद्याचा धागा धरून कागद बघितलेत.

मालकाच्या वहीतलं घर

गुलामगिरीतल्या माणसाचं घराणं शोधायला बसलं की पहिली अडचण ही येते की त्याच्या स्वतःच्या नावाचा सरकारी कागदच नसतो. जन्माची नोंद नाही, लग्नाला कायद्याची मान्यता नाही म्हणून लग्नाची नोंद नाही, जमीन नावावर होत नाही म्हणून खरेदीखत नाही. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांचे वेगळे तक्ते केले होते पण त्यात मालकाचं नाव आणि खाली नुसतं वय, स्त्री की पुरुष, आणि रंग, एवढंच. त्यामुळं मालकाच्या दप्तरात शिरण्यावाचून गत्यंतर नाही, म्हणजे त्याचं मृत्युपत्र, त्याच्या मालमत्तेची यादी, त्याची पत्रं, मळ्याचे हिशेब.

जेफरसनच्या बाबतीत हे दप्तर नशिबानं टिकलंय. १७७४ पासून तो मळ्याची एक वही ठेवायचा, तिला फार्म बुक म्हणतात, ती आता मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडं आहे आणि तिची पानं ऑनलाइन बघता येतात. कोण कधी जन्मलं, कुणाला किती कापड दिलं, घोंगडी कुणाला मिळाली, धान्य किती गेलं, असलं सगळं त्यात आहे. सॅलीची मुलं तिच्या नावाखाली येतात, १७९८ चा बेव्हर्ली, १८०१ ची हॅरिएट, १८०५ चा मॅडिसन, १८०८ चा इस्टन. बापाचं नाव कुठंच नाही. कापड वाटपाच्या या याद्या वाचायला कंटाळवाण्या वाटतात खऱ्या, पण पोर कधी आईच्या वाट्यातून निघून स्वतःच्या नावावर आलं, कोण कुणाच्या घरात धरलं जायचं हे तिथंच कळतं, त्यामुळं त्या ओलांडून पुढं जाऊ नये.

सुतारकामाचा धागा इथूनच सुरू होतो. सॅलीचा सावत्र भाऊ जॉन हेमिंग्ज (जन्म १७७६, तो स्वतः सही करताना आडनावात दोन म लिहायचा, शोधताना दोन्ही तऱ्हेनं बघावं लागतं) हा मॉन्टिसेलोतला मुख्य सुतार. जेम्स डिन्समोर नावाच्या आयरिश कारागिराच्या हाताखाली त्याचा हात तयार झाला आणि दारं, खिडक्या, घरातलं फर्निचर असलं बारीक काम तो करायचा. मॅडिसन सांगतो की चौदाव्या वर्षी त्याला या मामाच्या हाताखाली घातलं. बेव्हर्ली आणि इस्टन पण तिथंच शिकले. जेफरसनचं दुसरं घर होतं बेडफर्ड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं), पॉप्लर फॉरेस्ट, तिथल्या कामावर मामा या भाच्यांना घेऊन जायचा आणि काम कुठवर आलं ते मालकाला पत्रानं कळवायचा. गुलामगिरीतल्या कारागिरानं स्वतःच्या हातानं लिहिलेली अशी पत्रं फार कमी उरलीत. जेफरसनची शवपेटी सुद्धा जॉननंच केली.

मृत्युपत्राची पुरवणी

मार्च १८२६ मध्ये जेफरसननं मृत्युपत्राला पुरवणी जोडली आणि हा या घराच्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा कागद. पाच जणांना मुक्ती, पाचही हेमिंग्ज घराण्यातले. जॉनला मुक्ती मिळाली, त्याच्या धंद्याची सगळी हत्यारं मिळाली आणि दोन शिकाऊ पोरं, मॅडिसन आणि इस्टन, त्यांची एकविसाव्या वर्षापर्यंतची चाकरी मिळाली, त्यानंतर ती दोघं मुक्त. म्हणजे मालकानं आपल्याच पोरांची नावं मृत्युपत्रात घातली ती पोरं म्हणून नाही, सुताराचे शिकाऊ म्हणून. १८०६ च्या व्हर्जिनियाच्या कायद्यानं मुक्त झालेल्या माणसाला वर्षाच्या आत राज्य सोडावं लागायचं, म्हणून या पाचांना राहू द्यावं अशी विनंती पण त्यानं विधिमंडळाला त्याच पुरवणीत केलीय.

सॅलीचं नाव त्यात नाही. ४ जुलै १८२६ ला जेफरसन वारला, मालमत्तेची यादी झाली आणि तिच्यात सॅलीची किंमत ५० डॉलर लावलेली आहे. पुढच्या जानेवारीत कर्ज फेडायला मळ्यावरच्या माणसांचा लिलाव झाला, जाहिरातीत १३० जण होते. सॅलीला जेफरसनच्या मुलीनं तोंडी मोकळं केलं असं दिसतं, तिच्या सुटकेचा वेगळा कागद झालाच नाही. फक्त औपचारिक मुक्तिपत्रं शोधत बसलं तर सॅली हातातून निसटते, ती सापडते मुलांच्या घरात.

एक माणूस, दोन रंग

दोघा भावांनी १८३० च्या सुमारास शार्लट्सव्हिलमध्ये जागा घेतली, घर बांधलं आणि आईला घेऊन राहिले. १८३० च्या जनगणनेत हे घर गोऱ्यांच्या रकान्यात मोजलंय. तेव्हाच्या जनगणनेत (१७९० ते १८४० सगळ्याच) फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असायचं, बाकीचे नुसते वयाच्या गटात आकडे म्हणून, त्यामुळं एका आकड्यामागं सॅली उभी आहे हे बाकीचे कागद जुळवल्याशिवाय कळत नाही. नॅट टर्नर या गुलामानं १८३१ मध्ये केलेल्या उठावानंतर मुक्त कृष्णवर्णीयांची वेगळी मोजणी झाली, १८३३ ची, आणि तिच्यात त्याच सॅलीला मुक्त मुलाटो म्हणजे मिश्र वर्णाची म्हटलंय. तीन वर्षांत घर बदललं नाही, माणसं बदलली नाहीत, लिहिणारा बदलला.

मुक्त कृष्णवर्णीयांना काउंटीच्या कोर्टात नाव नोंदवावं लागायचं, ती रजिस्टरं अपमानकारक होती, पण आज वंशावळ शोधणाऱ्याला त्यांच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही. वय, उंची, रंग, अंगावरच्या खुणा, कशामुळं मुक्त झाला, सगळं. मॅडिसन सुमारे पाच फूट सात इंच, उजळ, अंगावर व्रण नाही. त्या काळी गोऱ्या सुताराची उंची किंवा अंगावरच्या खुणा कुणी लिहून ठेवत नव्हतं, त्यामुळं इथं उलटं होतं की ज्याच्यावर पाळत होती त्याचं वर्णन उरलं.

१८३१ मध्ये मॅडिसननं मेरी मकॉय या मुक्त बाईशी लग्न केलं. तिच्या आजीला ह्यूज नावाच्या मळेवाल्यानं बायकोसारखं ठेवलं होतं आणि पुढं मुक्त केलं होतं. १८३५ ला सॅली वारली आणि त्यानंतर मॅडिसन बायको-मुलीसकट ओहायोत गेला.

ओहायो

ओहायोत गुलामगिरी नव्हती पण कृष्णवर्णीयांसाठी वेगळे कायदे होते. १८०४ च्या कायद्यानं मुक्ततेचा दाखला दाखवून नोंद करायची आणि १८०७ च्या कायद्यानं वर ५०० डॉलरचा जामीन. हे कायदे १८४९ मध्ये बऱ्याच अंशी उठले. मॅडिसन आधी पाइक काउंटीत राहिला मग शेजारच्या रॉस काउंटीत, वेव्हर्ली गावातल्या इमारतींवर त्यानं सुतारकाम केलं, पुढं स्वतःची जमीन घेतली. इथून पुढं त्याचा शोध कुठल्याही एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन सुतारासारखाच घ्यायचा, म्हणजे काउंटी कोर्टातली खरेदीखतं (विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावाच्या वेगवेगळ्या अनुक्रमणिका असतात, दोन्ही बघायच्या), कराच्या याद्या, वारसाची प्रकरणं. १८५० पासून जनगणनेत घरातल्या प्रत्येक मुक्त माणसाचं नाव, वय, जन्मराज्य आणि पुरुषांचा धंदा येतो, १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी नातं काय आणि आईबापाचा जन्म कुठला हेही. १८९० चे कागद मात्र १९२१ मध्ये वॉशिंग्टनला आग लागली तिच्यात इतके खराब झाले की जवळजवळ काहीच उरलं नाही, म्हणून १८८० ते १९०० ही वीस वर्षं शहरांच्या डिरेक्टरी, शाळा-चर्चची रजिस्टरं आणि सैनिकी पेन्शनच्या फायलींवर काढावी लागतात. त्यातही पेन्शनच्या फायलींत सगळ्यात जास्त माल असतो, कारण विधवेला लग्न सिद्ध करावं लागायचं आणि त्यासाठी शेजारीपाजारी जबान्या द्यायचे.

१८७० च्या जनगणनेत रॉस काउंटीत मॅडिसनच्या नावाशेजारी मोजणाऱ्यानं आपणहून एक ओळ लिहून ठेवलीय की हा माणूस थॉमस जेफरसनचा मुलगा आहे. फॉर्ममध्ये असा रकाना नव्हता. त्या मुलखात ही गोष्ट लोकांना माहीत होती, एवढं तरी त्या ओळीवरून नक्की कळतं.

१८७३ ची जबानी

मार्च १८७३ मध्ये पाइक काउंटी रिपब्लिकन या वर्तमानपत्रानं मॅडिसनची हकीकत छापली. आजी, आई, पॅरिस (जेफरसन तिथं अमेरिकेचा वकील असताना सॅली पण तिथं होती), जेफरसननं आईला दिलेलं वचन की तुझी मुलं एकविसाव्या वर्षी मुक्त होतील, मामाकडं शिकलेलं सुतारकाम, भावंडं कुठं गेली, स्वतःची मुलं, सगळं त्यात आहे. विरोधी वर्तमानपत्रानं लगेच टिंगल केली. त्याच वर्षी इझ्रायल जेफरसन या मॉन्टिसेलोवरच्या एकेकाळच्या गुलामानं, जो आता त्याच मुलखात राहत होता, मॅडिसनचं म्हणणं खरं असल्याचं सांगितलं.

यानंतर जे झालं ते मला आजही फार खटकतं. शंभरेक वर्षं बहुतेक इतिहासकारांनी ही जबानी बाजूला सारली आणि जेफरसनच्या नातवंडांचं म्हणणं उचललं की मुलांचा बाप जेफरसनचा भाचा असावा, कुणी पीटर कार म्हणालं कुणी सॅम्युअल कार. वंशावळीच्या साध्या नियमानं बघितलं तरी मॅडिसनची बाजू भक्कम होती. त्यानं सांगितलेल्या तारखा, मामाचा धंदा, मृत्युपत्र, १८२२ मध्ये बेव्हर्ली आणि हॅरिएट निघून गेल्याची फार्म बुकातली नोंद, हे सगळं स्वतंत्र कागदांशी जुळत होतं, आणि प्रत्येक मुलाच्या जन्माच्या नऊ महिने आधी जेफरसन मॉन्टिसेलोत होता हेही त्याच्याच कागदांवरून निघत होतं. १९९७ मध्ये कायद्याच्या प्राध्यापक अ‍ॅनेट गॉर्डन-रीड यांनी पुराव्याच्या अंगानं हे सगळं परत मांडलं आणि दोन बाजूंना दोन वेगळ्या फुटपट्ट्या लावल्या गेल्या हे दाखवून दिलं. सुताराची जबानी आणि मालकाच्या नातवंडांचं म्हणणं, दोन्ही ऐकीव असतील तर दोन्ही सारख्याच कसोटीवर घासायला हवीत, ते झालं नव्हतं.

इस्टनची वाट आणि डीएनए

इस्टन ओहायोतल्या चिलिकॉथीत सुतारकाम करायचा आणि फिडल म्हणजे व्हायोलिन वाजवण्याबद्दल त्याचं नाव होतं. त्याची बायको ज्युलिया आयझॅक्स, ज्यू व्यापारी डेव्हिड आयझॅक्स आणि मुक्त कृष्णवर्णीय नॅन्सी वेस्ट यांची मुलगी. १८५२ मध्ये हे कुटुंब विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात गेलं आणि तिथं पोचल्यावर आडनाव झालं जेफरसन आणि वर्ण झाला गोरा. हेमिंग्ज नावानं शोधणाऱ्याला इथं भिंत लागते. ती ओलांडायची तर बायकोचं पहिलं नाव, मुलांची पहिली नावं, वयं, जन्मराज्य आणि बापाचा धंदा दोन्ही बाजूला जुळवून बघायचा, आणि सगळं जुळतं. १८५६ मध्ये इस्टन वारला. मोठा मुलगा जॉन वेल्स जेफरसन यादवी युद्धात आठव्या विस्कॉन्सिन पलटणीचा कर्नल झाला. १९०२ मध्ये चिलिकॉथीच्या एका वर्तमानपत्रात आठवण छापून आली की युद्धात गावाकडचा माणूस भेटल्यावर याच कर्नलनं, माझ्या अंगात कृष्णवर्णीय रक्त आहे हे कुणाला सांगू नकोस, म्हणून गयावया केली. घरातल्या पुढच्या पिढ्यांना तर आपण जेफरसनच्या काकाच्या वंशातले असं सांगितलं गेलं.

१९९८ मध्ये नेचर या नियतकालिकात डीएनए तपासणी आली. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडं जातं, म्हणून अखंड पुरुषवंश लागतो. जेफरसनचा वैध मुलगा जगला नव्हता, त्यामुळं त्याचा काका फील्ड जेफरसन याच्या वंशजांचे नमुने घेतले आणि इस्टनच्या पुरुषवंशातल्या एकाचा. जुळले. कार घराण्याशी जुळले नाहीत. एकट्या या तपासणीनं थॉमसच बाप असं ठरत नाही, त्याच्या भावाचंही गुणसूत्र तेच, पण कागद आणि डीएनए एकत्र ठेवल्यावर २००० मध्ये मॉन्टिसेलो चालवणाऱ्या प्रतिष्ठानच्या समितीनं थॉमसच बाप असण्याची शक्यता फार मोठी असा निष्कर्ष दिला. काही जण अजून मानत नाहीत.

सापडलेल्या आणि न सापडलेल्या शाखा

बेव्हर्ली आणि हॅरिएट १८२२ मध्ये गेले ते गोऱ्यांच्या समाजात मिसळले. मॅडिसननं सांगितलं की दोघांची लग्नं गोऱ्या घरांत झाली, हॅरिएटच्या नवऱ्याचं नाव माहीत असूनही त्यानं ते मुद्दाम दिलं नाही. बहिणीला सांभाळायला तो गप्प राहिला, आणि या दोन शाखा अजून सापडलेल्या नाहीत.

मॅडिसनच्या मुलांपैकी टॉमस इस्टन यादवी युद्धात अँडरसनव्हिलच्या कैदखान्यात मेला असं त्यानं सांगितलंय, विल्यम कॅन्ससमधल्या लेव्हनवर्थच्या सैनिकी दफनभूमीत आहे. डीएनएसाठी विल्यमचे अवशेष उकरून तपासावेत अशी मागणी झाली, वंशजांनी नकार दिला आणि तो त्यांचा हक्कच होता. धाकटी मुलगी एलन लग्नानंतर लॉस एंजेलिसला गेली. तिचा मुलगा फ्रेडरिक मॅडिसन रॉबर्ट्स १९१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधानसभेवर निवडून आला, तिथं पोचलेला तो पहिला आफ्रिकन-अमेरिकन. १९९३ पासून मॉन्टिसेलोत गेटिंग वर्ड नावाचा प्रकल्प अशा वंशजांच्या मुलाखती घेतोय, आणि घराघरांत तोंडी चालत आलेल्या गोष्टी त्यात फार्म बुकाच्या पानांशी ताडून बघितल्या जातात.